शोधाची गोष्ट सांगताना उत्तर खिशात ठेवा

मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा सुरुवातच केली, "डॉक्टरांच्या हातांवरून जंतू पसरतात..." झालं! पुढचा अर्धा तास माझी गोष्ट मी एकटीच ऐकत होते.

तेव्हापासून एक पथ्य पाळते. त्याला जे ठाऊक नव्हतं, ते मुलांनाही आधी कळू द्यायचं नाही. 'जंतू' हा शब्दच काढायचा नाही.

जन्मसाल, आईवडील, शिक्षण सगळं गाळा. थेट अडचणीवर या. १८४० च्या दशकातलं व्हिएन्ना. एकाच रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग, भरती आलटून पालटून. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात शंभरातल्या दहाएक बायका जायच्या, बहुतेक बाळंतज्वरानं. दुसऱ्यात चारसुद्धा नाहीत. बायकांना हे माहीत होतं. पहिल्या विभागात नको म्हणून त्या गुडघे टेकून विनवायच्या.

इथे थांबा. "का बरं?" एवढंच विचारा. कुणी "घाण" म्हणालं तरी मान हलवू नका.

मग त्याचे फसलेले अंदाज सांगा. यात कंजूषी नको, गोष्टीचा जीव इथेच आहे. मरणाऱ्या बाईकडे जाणारा पाद्री घंटेसह वॉर्डातून जायचा. त्या धसक्यानं बायका दगावत असतील, म्हणून त्याची वाट बदलली. बाळंतपण पाठीवर न करता कुशीवर करून पाहिलं. फरक शून्य.

मार्च १८४७. त्याचा मित्र कोलेच्का शवविच्छेदन करत असताना विद्यार्थ्याच्या सुरीनं त्याला जखम झाली आणि तो गेला. त्याच्या शरीरात आत जे दिसलं ते त्या बाळंतिणींसारखंच. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट वॉर्डात यायचे, सुईणी नाहीत. हा धागा तुम्ही जोडू नका. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं आपले तळवे पाहिले आणि हळूच बाकाखाली घेतले. तिला समजलं होतं.

पहिल्या विभागातल्या मृत्यूंचे आकडे दोनच, फळ्यावर मोठे लिहा: एप्रिलमध्ये शंभरात १८, जूनमध्ये २. मधे, मेच्या मध्यावर, दाराशी हात धुवायला ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचं भांडं आलं होतं. तेच पाणी का? हाताला येणारा प्रेताचा वास त्यानं जायचा म्हणून!

विरोध करणाऱ्या डॉक्टरांना खलनायक करू नका. आपल्याच हातांनी बायका मेल्या हे कबूल करावं लागणार होतं त्यांना. शिवाय या पठ्ठ्यानं सविस्तर पुस्तक काढलं ते थेट १८६१ मध्ये, आणि पुढे विरोधकांना खुल्या पत्रांतून खुनी म्हणाला. १८६५ मध्ये, ४७ व्या वर्षी, मनोरुग्णालयात वारला. जंतूंमुळे रोग होतात हे दाखवणारा पाश्चर आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणारा लिस्टर यांची नावं यानंतर घ्या, आधी नाही.

एखादा हुशार मुलगा मधेच "जंतू!" ओरडतोच. मी त्याला म्हणते, "तुझ्याकडे जंतू नाहीत. दोन वॉर्ड आहेत. आता सांग."