ट्रेकचं सामान घेताना आणि पारखताना या चुका टाळा

जूनचा पहिला पाऊस पडला की सह्याद्रीतल्या वाटांवर नवेकोरे बूट आणि नव्या सॅक दिसू लागतात. त्यातलं बरंच सामान पहिल्याच ट्रेकला दगा देतं. दर वेळी ते वाईट असतं असं नाही. ते पारखलेलं असतं कोरड्या दुकानात, रिकाम्या पाठीने आणि ताज्या पायांनी; वापरायचं असतं ओल्या कातळावर, पाठीवर दहा किलो घेऊन, दमल्यावर. बहुतेक चुकांचं मूळ या फरकात आहे.

सर्वांत जास्त चुका बुटांत होतात. सकाळी जाऊन, पातळ मोजे घालून माप घेतलं की बूट हमखास लहान निघतो, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. बूट संध्याकाळी घ्यायला जा, ट्रेकला घालणार तेच मोजे घाला आणि दुकानाचा जिना उतरून बघा. चढताना सगळेच बूट बरे वाटतात. उतरताना अंगठा पुढे टेकत असेल तर मोठ्या उतारावर नख काळं पडणार. आधी नाडी घोट्याजवळ घट्ट बांधून टाच मागे बसवून बघा. तरीही टेकत असेल तर एक माप वरचं घ्या.

दुसरी चूक म्हणजे सोलची नक्षी बघून भुलणं. खोल खाचा चिखलात आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, कामाच्या असतात. ओल्या बेसाल्टवर, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळावर, मात्र पकड रबराच्या मऊपणावर ठरते. सोलमध्ये नख रुतवून बघा: जरा दबलं तर बरं, प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर तो बूट पावसाळ्यासाठी नको. मऊ रबर लवकर झिजतं, तो खर्च मी आनंदाने सोसायला सांगेन. शेवाळावर मात्र कुठलाच सोल टिकत नाही, तिथे पाऊल टाकण्याची जागाच बदलावी लागते.

वॉटरप्रूफ बुटांचा आग्रहही पावसाळी सह्याद्रीत उलटा पडतो. गुडघाभर ओढा ओलांडला की पाणी वरून आत शिरतं आणि बुटातल्या पाणी अडवणाऱ्या पडद्यामुळेच बाहेर पडत नाही. जाळीचा बूट भिजतो, पण चालता चालता निथळतोही. बर्फातल्या ट्रेकला वॉटरप्रूफ बूट हवाच, ती गोष्ट वेगळी.

आणि कपाटातले जुने बूट! अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने तो वर्षागणिक आतून कमकुवत होतो, बूट वापरला नाही तरीही. म्हणून काही वर्षं पडून असलेला, बाहेरून ठणठणीत दिसणारा बूट गडाच्या निम्म्या वाटेवर सोल सोडतो. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवा आणि त्या थराच्या कडेला अंगठा दाबा. भेगा दिसल्या किंवा भुगा सुटला तर तो बूट बाद, डिंकाने काम होणार नाही. वाटेतच सोल निघाला तर पातळ दोरी तळव्याच्या कमानीखालून घेऊन पायावर आवळून बांधा. ओल्या बुटाला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून दोन-तीन मीटर दोरी सॅकमध्ये असूच द्या.

रेनकोटबद्दल 'श्वास घेणारं कापड' असं सांगून बरेच पैसे घेतले जातात. ते कापड घामाची वाफ बाहेर टाकतं, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. जुलैतल्या घाटमाथ्यावर हवाच पाण्याने भरलेली असते. तिथे घामाने भिजलात तर कोट गळतोय असं समजू नका. चेन मोकळी सोडता येणारा, काखेत झडप असलेला साधा कोट इथे जास्त कामाचा. वाऱ्याच्या कड्यांवर पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल, बिनबाह्यांचा रेनकोट, टाळाच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा पाऊस खालून वर उडवतो. कोट घातल्यावर खांद्यावर भरलेली सॅक चढवा आणि घरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. पट्ट्यांखालच्या शिवणीतून पाणी आलं तर दोष घरीच कळला.

सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. ते सॅक बाहेरच्या बाजूने झाकतं, पाठीकडून ओघळणारं पाणी आत जातंच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. कपडे आणि स्लीपिंग बॅग तिच्यातच. सॅकचं माप लिटरवर ठरवण्याआधी पाठीची लांबी बघा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नव्हे. खांदे दुखायला लागले तर बहुधा तो पट्टाच सैल आहे. चाचणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरा, लिटरला एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशेब सोपा. पुणेकरांनी ती सॅक घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढावा आणि त्याच वाटेने उतरावा. कात्रज ते सिंहगड करणार असाल तर आधी हे कराच, कारण तिथले घसाऱ्याचे उतार बूट आणि सॅक दोन्हीची परीक्षा घेतात.

हेडटॉर्च घेतला की एक रात्र गच्चीवर दिवे बंद करून वापरून बघा. सॅकमध्ये दाबून आपोआप चालू होऊ नये म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तापमान अनेकदा जीव वाचण्याची हद्द असते, झोप लागण्याची नव्हे. लेबलवर 'कम्फर्ट' हा आकडा शोधा आणि तोच धरा. थंडी खालूनही येते, म्हणून चांगली मॅट नसेल तर महागडी बॅगही पुरत नाही. दुसरं, साध्या ब्युटेनचा गॅस शून्याच्या आसपास वाफ होणं थांबवतो. सिलिंडर भरलेला असूनही स्टोव्ह विझला तर कारण हेच असतं. प्रोपेन मिसळलेला डबा घ्या. तो विमानात नेता येत नाही, तिथे पोहोचून घ्यावा लागतो. त्यामुळे स्टोव्हचा आटा कुठल्या डब्याला बसतो हे आधीच माहीत हवं.

परत आल्यावर सेल काढून ठेवा, तंबू सावलीत पूर्ण वाळवून घडी करा आणि स्लीपिंग बॅग छोट्या पिशवीत कोंबलेली न ठेवता मोकळी टांगा.