नवा गीझर आणण्याआधी वायर दोन्ही टोकांना बघा

मागच्या नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या बाथरूमबाहेर पाहुण्यांची रांग लागली होती आणि माळ्यावर वायर जळत होती. उटणं, फटाके, अगरबत्ती, एवढ्या वासांत तो वास कुणाच्या लक्षातच आला नाही. कारण होतं जुन्याच्या जागी बसवलेला नवा गीझर. आता धाकट्या बहिणीकडे गोरेगावला तोच बेत चाललाय, जुना इन्स्टंट गीझर काढून नवा बसवायचा. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

दुकानात लिटर विचारू नका, किलोवॅट विचारा. इथेच पहिली फसगत होते. जुना ३ लिटरचा, नवाही ३ लिटरचा, म्हणजे वीजही तेवढीच घेणार असं वाटतं. पण ३ लिटरचा गीझर ३ किलोवॅटचाही मिळतो आणि ४.५ किलोवॅटचाही. २३० व्होल्टने भागा: पहिला १३ अँपिअर खेचतो, दुसरा साडेएकोणीस. करंट दीडपट झाला की वायरमधली उष्णता सव्वादोनपट होते. ‘जुना चालत होता ना, मग हाही चालेल’ असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता वायर. ४.५ किलोवॅटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, इलेक्ट्रिशियनच्या भाषेत ‘चारची’. अडीचची ३ किलोवॅटपर्यंत ठीक. दीडची नाहीच. आकडा वायरच्या अंगावर छापलेला असतो, वरचं प्लास्टिक जाड दिसलं म्हणून फसू नका. जुन्या इमारतीत वायरवर ३/२० असं दिसलं तर आतलं तांबं जेमतेम २ चौरस मिलिमीटर. आणि तार चंदेरी मऊ निघाली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, तर पुढे काही तपासू नका, आधी ती बदला.

आणि हे बघायचं दोन्ही टोकांना. मी फक्त बाथरूमचं टोक बघितलं होतं. तिथे छान चारची वायर होती, मी खूश. डीबीचं, म्हणजे घरातले सगळे फ्यूज-स्विच असतात त्या डबीचं, झाकण उघडायचा कंटाळा केला. उघडलं असतं तर दिसलं असतं की तिकडून दीडची निघते. माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, कुणीतरी दोन्ही पिळून वर टेप गुंडाळला होता. म्हणून दोन्ही टोकं. आणि दोन्ही टोकं सारखी निघाली तरी मधले जंक्शन बॉक्स एकेक उघडून बघा, माळ्यावरचा धरून. सगळ्यात बरं म्हणजे डीबीपासून गीझरपर्यंत एकसंध नवी वायर ओढून घ्या. केसिंग दिसेल भिंतीवर, दिसू दे.

तुम्ही म्हणाल, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तो का नाही पडला? कारण आधी २० अँपिअरचा होता, तो सारखा पडायचा, म्हणून मीच ३२चा टाकून घेतला. एमसीबी गीझरसाठी नसतो, वायरसाठी असतो. ३२च्या एमसीबीला साडेएकोणीस अँपिअर म्हणजे किरकोळ. एकट्याची आंघोळ पाच मिनिटांत उरकते, वायर तापून निवते. त्या दिवशी ओळीने नऊ जण. चारच्या वायरला २५चा एमसीबी लावा. तो पडला तर कारण शोधा, आकडा वाढवू नका.

गीझरचा एमसीबी बंद करून घरात आणखी काय बंद पडतं तेही बघा. वॉशिंग मशीन बंद पडलं तर लाइन एकच आहे, वेगळी करून घ्या. १६ अँपिअरच्या तीन पिनी प्लगवर ४.५चा गीझर चालवायचा नाही, ३२चा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) लावून थेट जोडणी करायची.

अर्थिंग. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा ती नळाच्या पाइपला नाहीतर न्यूट्रलला बांधलेली असते. दोन्ही जीवघेणं. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर गीझर आणू नका, बादलीत पाणी तापवायची कॉइल तर त्याहून नको. यावर मी वाद घालत नाही.

बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो वाचा. बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, कुणाचंही असो. एसी, ओव्हन, इस्त्री धरून बेरीज करा आणि कमी पडत असेल तर वाढवून घ्या. मीटर रूममधून घरात येणारी मेन लाइन केवढ्याची आहे तेही पाहा, किल्ली सेक्रेटरीकडे असते. इथेही तेच, दोन्ही टोकं.

झाकण उघडायचं काम परवानाधारक माणसाकडूनच. मेन बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूची वायर जिवंतच असते.

पाण्याचा दाब, फिटिंग, वॉरंटी कार्ड, हे तुम्हाला कळतं. बसवल्यावर एका सकाळी घरातले सगळे ओळीने आंघोळ करताना स्विचवर, डीबीच्या झाकणावर बाहेरून हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर बंद. माळ्यावरच्या बॉक्सलाही हात लावा. हो, गाद्या काढून.