दाण्यांआधी जागा पाहा
बागेत पक्षी येत नाहीत म्हणून बरेच जण दाणे बदलत बसतात. पण पक्षी आधी आडोसा शोधतो. दाण्यांची फळी झुडपापासून साधारण 2 मीटरवर ठेवा. ससाणा आला तर पक्ष्यांना पटकन लपता येतं आणि झुडपात दबा धरून बसलेल्या मांजराची झेपही सहज पोहोचत नाही. शेजारी उथळ पाणी हवंच, 5 सेंटिमीटरपेक्षा खोल नको. खारवलेलं, बुरशी आलेलं काही ठेवू नका. फळी नियमित घासा, पूर्ण वाळवा, मगच नवे दाणे टाका. विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरतात आणि पक्षी दगावतात, हे कृपा करून विसरू नका. पहिला पक्षी उतरायला काही आठवडेही लागतील. तोवर दाणे रोज ठरल्या वेळी, थोडेच ठेवा.