टूथब्रशसाठी वनस्पतींचा काढा: या चुका टाळा

कडुनिंब, तुळस किंवा त्रिफळा यांच्या अर्कात टूथब्रश बुडवून ठेवल्यास त्यावरील जंतू कमी होतात, अशा चाचण्या आपल्याकडे झालेल्या आहेत. मात्र अशा चाचण्यांतील अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढलेला आणि मोजून ठरावीक तीव्रतेचा केलेला असतो. घरातला काढा म्हणजे तो अर्क नव्हे, हे लक्षात न घेतल्याने पुढचे सारे घोटाळे होतात.

सर्वांत संतापजनक चूक म्हणजे काढा एकदा उकळून आठवडाभर वापरणे. माझ्या मावसबहिणीकडे बेसिनवर स्टीलच्या पेल्यात घरातल्या सर्वांचे ब्रश काळपट हिरव्या पाण्यात उलटे बुडवलेले असत. तळाशी पानांचा चोथा, कडेला पांढरट तवंग, आणि ब्रश उचलला की दांड्यावरून बोटे घसरावीत इतका बुळबुळीतपणा. ‘‘ताई, कडुनिंब आहे तो, तो कसा नासेल?’’ हे तिचे उत्तर. पानांतली साखर आणि प्रथिने काढ्यात उतरतात आणि उन्हाळ्यात असे पाणी बाहेर ठेवल्यास एका दिवसातच आंबू लागते. शिवाय एकाच पेल्यामुळे एकाच्या तोंडातले जंतू सर्वांच्या ब्रशवर जातात, ते वेगळेच. मी मूठभर पाने दोन कप पाण्यात निम्मे होईपर्यंत उकळते, फडक्यातून गाळते, पूर्ण निवल्यावर प्रत्येक ब्रशसाठी वेगळ्या वाटीत घेते आणि वीसेक मिनिटांनी ओतून देते. ज्यांना एवढा वेळ नाही, ते बाजारची पावडर थंड पाण्यात ढवळून समाधान मानतात. त्यांनी नुसत्या नळाच्या पाण्याने ब्रश धुतलेला बरा.

दुसरी चूक म्हणजे ब्रश न धुताच काढ्यात टाकणे. तंतूंच्या मुळाशी पेस्ट आणि अन्नकण अडकलेले असतील, तर काढा तेथे पोहोचत नाही आणि काढ्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य त्या अन्नातील प्रथिनांशीच बांधले जाते. वाहत्या नळाखाली अंगठ्याने तंतू मागे-पुढे वाकवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत ब्रश धुवावा, मगच पुढचे सोपस्कार करावेत.

उकळत्या काढ्यात ब्रश घातल्यास नायलॉनचे तंतू वाकडे होतात. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ब्रश पिवळा होण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. लवंगेचे तेल पाण्यात मिसळत नाही, तळाशी बसते, आणि ते तसेच ब्रशला चोळल्यास हिरड्यांची आग होते.

भिजवून झाल्यावर ओल्या ब्रशला टोपण घालण्याची घाई तर अनेकांना असते. टोपणाखालचा ओलावा जंतूंना पोषकच ठरतो; ब्रश पुन्हा धुवून, झटकून, उभा आणि उघडा वाळू द्यावा. तंतू फाकलेला किंवा तीन-चार महिने वापरलेला ब्रश मात्र सरळ टाकून द्यावा, त्यासाठी काढा उकळत बसू नये.