चाचण्यांची मुदत, म्हणजे दोन चाचण्यांमधलं अंतर, लांबवली. आता ती लांबवू देणारा नियम चालतोय का हे कसं तपासाल?

माझं काम अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांतल्या आणीबाणीच्या, म्हणजे बाहेरची वीज गेली की लागणाऱ्या, डिझेल जनरेटरच्या नोंदी चाळण्याचं. नवीन मुलं आली की आधी किती चाचण्या पास, किती फेल याचा तक्ता पुढे करतात. तो नंतर.

आधी मुदत लांबवताना केलेला हिशेब काढा. अमेरिकी अणु-नियामकांच्या १९९८च्या मार्गदर्शिका १.१७४ प्रमाणे, बदलामुळे अणुभट्टीच्या गाभ्याला इजा होण्याची शक्यता वर्षाला दहा लाखांत एकापेक्षा कमीच वाढणार असेल, तर ती वाढ अगदी किरकोळ धरतात. मासिक चाचणी तिमाही केली, तर दोन चाचण्यांच्या मधेच बिघडलेलं यंत्र सरासरी पंधरा दिवसांऐवजी दीड महिना तसंच पडून राहतं. हिशेबात हे कोणत्या बिघाड-दरावर धरलंय, ते लिहून घ्या. पुढची सगळी तुलना त्या आकड्याशी करायची.

खरी गोची इथे आहे. चाचण्या कमी केल्या की पुरावाही कमी जमतो. तिमाही वेळापत्रकात वीस चाचण्या व्हायला पाच वर्षं लागतात, आणि ९० टक्केच भरवशाचं इंजिनसुद्धा सलग वीस वेळा सुरू होण्याची शक्यता १२ टक्के असते. म्हणून एका केंद्रात एकही बिघाड नोंदलेला नाही, एवढ्यावर विसंबू नका. त्याच बनावटीच्या इंजिनांच्या नोंदी इतर केंद्रांतूनही गोळा करा.

चाचणीत पास आणि गरजेला हजर, यांचे हिशेब वेगळे ठेवा. २० मार्च १९९० रोजी जॉर्जियातल्या व्होग्टल केंद्रात स्विचयार्डमध्ये, म्हणजे बाहेरच्या विजेच्या तारा येतात त्या आवारात, ट्रक खांबाला धडकला आणि बाहेरची वीज गेली. एक डिझेल दुरुस्तीसाठी खोललेलं होतं. दुसरं सुरू झालं आणि बंद पडलं. वीज परत यायला ३६ मिनिटं लागली. अशा खऱ्या मागण्या थोड्याच असतात, पण प्रत्येकीची फाइल पूर्ण वाचा.

चाचणीच्या आदल्या पाळीतली कामंही पाहा. आधी वंगण घालून, झडप हलवून मग चाचणी घेतली असेल, तर तो निकाल माझ्या लेखी बाद.

चाचणीने होणारं नुकसानही मोजा, नाहीतर तुलना एकतर्फी होते. थंड इंजिन झटक्यात सुरू करण्याच्या चाचण्यांनी झीज होते, म्हणून त्या कमी करा, असं नियामकांनीच १९८४ मध्ये कळवलं होतं. थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ च्या अपघातावेळी आणीबाणीच्या पाण्याच्या झडपा बंद सापडल्या. बहुधा दोन दिवसांपूर्वीच्या चाचणीनंतर त्या उघडायच्या राहून गेल्या होत्या.

शेवटी मुदतींच्या बदलांची यादी मागा. बिघाड धरल्यापेक्षा जास्त निघाले, तर मुदत परत आखडायला हवी. यादीत सगळ्या मुदती लांबलेल्याच असतील, एकही आखडलेली नसेल, तर मी मूळ बिघाड-नोंदी पहिल्यापासून काढायला लावतो.