केगरेटर बनवताना या चुका टाळा: फेस आला म्हणून प्रेशर कमी करू नका

१९ लिटरच्या एका बॅचला पन्नासेक बाटल्या लागतात. त्या धुवा, भरा, बूच मारा, हे चार-पाच वेळा केले की घरी बिअर बनवणारा माणूस आपोआप केगकडे, म्हणजे बिअर दाबाखाली साठवणाऱ्या स्टीलच्या पिंपाकडे वळतो. मग जुना फ्रिज किंवा चेस्ट फ्रीझर येतो, त्याला नळ बसतात, केगरेटर तयार होतो, आणि पहिल्याच संध्याकाळी ग्लासात पाऊण भाग फेस. इथे बहुतेक जण रेग्युलेटरचा, म्हणजे गॅस सिलिंडरवरच्या दाब ठरवणाऱ्या भागाचा, स्क्रू सैल करून प्रेशर कमी करतात. नेमकी तीच सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी कायद्याचे. ही माहिती अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे; मापे आणि सुटे भाग तिथल्या बाजारातले आहेत. तिथे १९७८ च्या संघीय कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर घरी बनवता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे तिथे गुन्हा ठरतो.

फेस आणि प्रेशर

बिअरमध्ये किती गॅस विरघळून राहील हे दोनच गोष्टी ठरवतात: बिअरचे तापमान आणि केगमधले प्रेशर. ३.३ अंश सेल्सिअसला १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे माप) ठेवले तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड टिकतो. पेल एल आणि लागर या प्रकारच्या बहुतेक बिअरना तेवढा पुरतो. आता फेस आला म्हणून तुम्ही प्रेशर ६ वर आणले, तर बिअरमधला जादा गॅस बाहेर यायला लागतो. तो केगमध्ये सुटतो तसा नळीतही सुटतो. नळीत गॅसचे तुकडे दिसू लागतात, नळ उघडला की आधी ते फुटतात आणि फेस वाढतो. हे असेच राहिले तर काही दिवसांत बिअरच मिळमिळीत होते.

प्रेशर बिअरसाठी असते. नळातून ती किती वेगाने यावी हे नळीवर सोडायचे.

सर्वाधिक वापरली जाणारी नळी आतून ३/१६ इंचाची व्हिनाइलची असते. तिचा छापील विरोध, म्हणजे प्रवाह अडवताना खर्च होणारा दाब, फुटाला ३ पीएसआय. या हिशेबाने १२ पीएसआयला साडेतीन-चार फूट नळी पुरते, आणि बरेच तयार किट तेवढीच देतात. पण तो हिशेब बारचा आहे, जिथे मिनिटाला एक गॅलन बिअर ओतायची असते. घरी तेवढी घाई नसते. १० फूट नळी लावा. प्रवाह थोडा संथ होतो आणि फेस आटोक्यात येतो. नळ केगच्या मध्यापासून जितका उंच, तितके फुटामागे अर्धा पीएसआय आपोआप खर्च होते, तेही धरा. सुरुवातीला १२ फूट लावून मग थोडी थोडी कापत जाणे सोपे, कारण कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही. आतून ४ मिलिमीटरची, प्राणवायू आत न सोडणारी नवी नळी घेतली तर दोनेक मीटरमध्ये काम होते आणि तिला व्हिनाइलसारखा प्लास्टिकचा वासही येत नाही. पैसे थोडे जास्त जातात, पण आमच्या मते या एका वस्तूवर कंजुषी करू नये.

डेन्व्हरसारख्या उंच शहरात राहत असाल तर दर २,००० फूट उंचीमागे गेजवर (दाब दाखवणाऱ्या तबकडीवर) १ पीएसआय वाढवा. तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो आणि गेज त्याच्या तुलनेतच आकडा दाखवते.

फेस नेमका कधी येतो ते पाहा

फक्त पहिला ग्लास फेसाळ, दुसरा-तिसरा व्यवस्थित: टॉवर किंवा नळ गरम आहे. फ्रिजच्या वर उभ्या असलेल्या टॉवरमधली नळी खोलीच्या तापमानाला असते आणि तिथे गॅस सुटतो. कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा खाली बसवून पाइपने गार हवा थेट टॉवरच्या टोकापर्यंत न्या. टॉवरभोवती नुसता फोम गुंडाळल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण फोम गारवा टिकवतो, तयार करत नाही.

प्रत्येक ग्लास फेसाळ: बिअरमध्ये गॅस जास्त भरला आहे, नळी आखूड आहे किंवा केगच गार नाही. प्रेशर खरोखर जास्त भरले असेल तर गॅसची जोडणी काढा, केगचा रिलीफ व्हॉल्व्ह दर अर्ध्या तासाने ओढून गॅस सोडा, आणि पाच-सहा वेळा झाल्यावर पुन्हा १२ वर जोडून पाहा.

नळी केगला जोडते तिथूनच बारीक बुडबुड्यांची सतत माळ येते: लिक्विड पोस्टच्या (केगवर बिअरची नळी जोडतात त्या तोंडाच्या) खाली, डिप ट्यूबच्या (केगमधून बिअर वर आणणाऱ्या आतल्या नळीच्या) मानेला असलेली छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, गेली आहे. केगमधला गॅस तिथून बिअरमध्ये घुसतो. ही रिंग काही सेंटची असते. तिच्यापायी लोक नळ्या, नळ, रेग्युलेटर सगळे बदलून बसतात.

प्रवाह अचानक बारीक आणि फुरफुरत येतो: डिप ट्यूबमध्ये हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा अडकला आहे. केगमध्ये हॉप्स टाकायचे असतील तर स्टीलच्या जाळीत टाका, किंवा वरून बिअर घेणारी तरंगती डिप ट्यूब बसवा.

आणि नळ नेहमी पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की तिथल्या फटीतून बिअर फवारल्यासारखी येते आणि गॅस सुटतो. भांड्यांच्या साबणाचा तेलकट थर असलेला ग्लासही बिअरची चव आणि फेस दोन्ही बिघडवतो.

फ्रिज, फ्रीझर आणि ड्रिल

कॉर्नेलियस केगची (घरी वापरतात त्या उंच, अरुंद केगची) क्षमता ५ गॅलन, व्यास साधारण २२ सेंटिमीटर. जोडणीनुसार त्याचे दोन प्रकार: उंची बॉल लॉकची सुमारे ६३ सेंटिमीटर, पिन लॉकची थोडी कमी. वर जोडण्या आणि नळीच्या वळणासाठी आणखी किमान ८ सेंटिमीटर सोडा. लोक फ्रिजचे घनफूट पाहून खरेदी करतात आणि मागचा कॉम्प्रेसरचा उंचवटा विसरतात. पुठ्ठ्याचे २३ सेंटिमीटरचे गोल कापून दुकानातच तळाशी मांडून पाहा. भरलेला केग २३ किलोंच्या घरात जातो, त्यामुळे तळाशी काचेचा किंवा प्लास्टिकचा कप्पा ठेवू नका. पाऊण इंचाचे प्लायवुड टाका.

छोट्या फ्रिजमध्ये बर्फाचा जो पत्रा वर असतो, तो कापून टाकायचा मोह होतो. त्याच्या आत रेफ्रिजरंट फिरत असते. कापला की फ्रिज संपला, आणि नव्या फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असते, ते पेट घेणारे आहे. हीच गोष्ट भिंतींची. चेस्ट फ्रीझरच्या भिंतींत चारी बाजूंनी नळ्या असतात, तिथे ड्रिल लावायचेच नाही. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये लाकडी चौकट बसवा आणि नळ त्या चौकटीत घ्या. उभ्या फ्रिजच्या दारात सहसा नळ्या नसतात, म्हणून नळासाठी दार सुरक्षित. वरच्या बाजूला टॉवर लावायचाच असेल तर आधी फक्त बाहेरचा पत्रा कापा, आतला फोम हाताने उकरा, नळी नाही याची खात्री झाली की मगच पुढे जा. फ्रिज बराच वेळ चालू ठेवून पत्र्यावर कॉर्नस्टार्च आणि अल्कोहोलची पातळ पेस्ट फासली तर खाली गरम नळी असेल तिथे ती आधी वाळते. पण या खुणेवर एकटीवर विसंबू नका, थंड नळी ती दाखवत नाही.

चौकट दीड इंच जाडीच्या फळीची करतात, आतून एक इंच फोम शीट. म्हणजे शँक (चौकटीतून आरपार जाऊन नळ आणि नळी जोडणारा तुकडा) किमान चार इंचांचा हवा. दोन-तीन इंचांचा आणला तर मागचा नट बसतच नाही, आणि हे भोक पाडून झाल्यावर कळते. भोक ७/८ इंचाचे. चौकट खालच्या पेटीला चिकटवण्याऐवजी झाकणाला जोडा: झाकणासोबत तीही उचलली जाते आणि केग कमी उंचीवरून आत सोडता येतो. पाठीला फार फरक पडतो.

तापमान

चेस्ट फ्रीझरला बाहेरून कंट्रोलर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारे उपकरण, लागतोच. फ्रीझरचे स्वतःचे बटण सर्वात थंडवर ठेवा, कंट्रोलर ३.३ अंशांवर, फरक १ अंशाचा आणि कॉम्प्रेसरची विश्रांती किमान ५ मिनिटांची. सेन्सर हवेत लटकवला की झाकण उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो, दिवसभर चालू-बंद होत राहतो आणि लवकर मरतो. तो भरलेल्या केगच्या मध्याला टेपने चिकटवा आणि वर फोमचा तुकडा बांधा. केग रिकामा झाला की सेन्सर दुसऱ्यावर हलवायला विसरू नका. तळ आणि वरची चौकट यांच्यात काही अंशांचा फरक पडतो, म्हणून आत एक छोटा पंखा सतत फिरता ठेवा आणि ओल धरणारा सिलिका जेलचा डबा ठेवा, नाहीतर चौकटीच्या लाकडावर बुरशी चढते.

गॅस: गळती आणि त्याहून गंभीर

केगचे झाकण हॉकिन्सच्या कुकरसारखे आतून बसते आणि आतल्या दाबानेच घट्ट होते. म्हणून १२ पीएसआयवर गळणारे झाकण ३० वर एकदा दाबून बसवा, मग खाली आणा. मोठ्या ओ-रिंगला खाद्यदर्जाचे सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगते.

गळती साबणाच्या पाण्याने शोधता येते, पण लोक सिलिंडर ते रेग्युलेटर हा सांधा तपासतच नाहीत. तिथे नायलॉनचा वॉशर लागतो, तो नसेल तर कितीही पाना आवळा, गॅस जातोच. सिलिंडर बंद करून गेज पाहायची चाचणी रिकाम्या केगवर करा. नुकत्या भरलेल्या बिअरवर केली तर बिअर गॅस शोषते, काटा उतरतो आणि नसलेली गळती दिसते.

सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मोठ्या गेजचाही असाच घोटाळा होतो. खोलीत ८३० पीएसआय दाखवणारा सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की ५४० च्या आसपास येतो. ही गळती नव्हे. आत द्रव आहे तोवर काटा फक्त तापमान सांगतो, आणि द्रव संपला की झपाट्याने पडतो. किती गॅस उरला हे वजनावरच कळते: सिलिंडरवर कोरलेले रिकामे वजन वजा करा. एका केगला भरणे आणि ओतणे मिळून १३० ते १५० ग्रॅम लागतात, म्हणजे ५ पौंडांच्या सिलिंडरमध्ये पंधराएक केग निघायला हवेत. तीन-चारच निघाले तर गळती नक्की. दर ५ वर्षांनी सिलिंडरची दाब-चाचणी लागते. तारीख उलटलेला सिलिंडर भरून मिळत नाही, म्हणून जुना विकत घेताना खांद्यावरचा शिक्का वाचा.

सिलिंडर कायम उभा. आडवा पडला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. केग गळ्यापर्यंत भरू नका: बिअर गॅसच्या छोट्या ट्यूबच्या वर गेली आणि प्रेशर उलटे झाले की ती रेग्युलेटरपर्यंत पोचते. प्रत्येक गॅसनळीवर चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा. आणि जोडण्या: राखाडी गॅसची, काळी बिअरची. बॉल लॉकच्या गॅस पोस्टच्या षटकोनावर खाचा असतात. उलटी जोडणी जोर लावला की बसते, पण मग निघत नाही.

आता जिवाची गोष्ट. ५ पौंड, म्हणजे २.२७ किलो कार्बन डायऑक्साइड खोलीत पसरला की सव्वा घनमीटर जागा घेतो. ३ बाय ३ मीटरच्या, अडीच मीटर उंच बंद खोलीत ते प्रमाण ५ टक्क्यांवर जाते. ४ टक्के ही पातळीच जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरात आणि जमिनीलगत साचतो. केगरेटर तळघरात किंवा झोपण्याच्या खोलीजवळ असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म खालच्या उंचीवर लावा. घरात असतो तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या वायूला ओळखत नाही. फ्रीझरमध्ये डोके घालण्याआधी झाकण उघडून दोन मिनिटे थांबा.

सफाई

नळीची सफाई दर १४ दिवसांनी, अल्कली क्लीनर १५ मिनिटे पंपाने फिरवून. पंप नसेल तर नळीत भरून २० मिनिटे ठेवून. बिअरस्टोन हा कॅल्शियम ऑक्झलेटचा थर अल्कलीने सुटत नाही, त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्ल क्लीनर. दोन्ही एकत्र करू नका, मध्ये भरपूर पाणी सोडा. क्लोरीनच्या ब्लीचने स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात, ते केगमध्ये कधीच नको. स्टार सॅनसारखे आम्लाचे सॅनिटायझर १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर पुरते, त्याचा फेस धुवावा लागत नाही.

नळ मात्र सुरुवातीलाच स्टेनलेसचा आणि पुढून बंद होणारा घ्या. मागून बंद होणाऱ्या क्रोम चढवलेल्या पितळी नळात ओतल्यानंतर थोडी बिअर उरते, ती वाळून दांडा चिकटतो, आणि क्रोम उडाले की बिअरला धातूची चव लागते. चिकटलेला दांडा जोराने ओढू नका. आधी कोमट पाण्याचा फडका दोन मिनिटे धरा, नाहीतर दांड्याची मान मोडते.