पांगलेल्या घराची खुशाली एकमेकांना कशी कळवावी

आजी-आजोबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला, थोरले काका पुण्यात, आत्या न्यू जर्सीत आणि नातू स्टुटगार्टला शिकायला. अशी घरं आता गावोगावी आहेत. प्रत्येकाच्या हातात फोन आहे, घराचा ग्रुपही आहे. तरी नातवाची परीक्षा कधी आहे हे आजीला माहीत नसतं आणि गावाकडे पेरणी झाली की नाही हे नातवाला. ‘मी बरा आहे, तुम्ही कसे आहात?’ एवढ्यावर बोलणं संपतं, कारण त्यावर पुढं विचारण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा हेतू एकच आहे: आपण असं काहीतरी कळवावं, की पुढच्या वेळी समोरच्याला त्यावरून काही विचारता येईल.

पायरी १ : खुशालीचा ग्रुप वेगळा ठेवा

सुप्रभातची फुलं, आरोग्याचे सल्ले आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ जिथं येतात, तिथं खुशाली बुडून जाते. त्यासाठी दुसरा ग्रुप काढा. नियम एकच: इथं फक्त आपल्या घरातल्या माणसानं स्वतः लिहिलेलं, बोललेलं किंवा काढलेलं टाकायचं. मोठ्यांना हे सांगताना जरा जपून सांगा. ते फुलं पाठवतात तेव्हा त्यांनाही आठवण काढली एवढंच कळवायचं असतं.

पायरी २ : वार ठरवा, वेळ मोकळी सोडा

सगळ्यांना एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर आणायचा अट्टाहास करू नका. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसात वाजलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यात जर्मनीत दुपारचे चार आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजतात. हे जमण्यासारखं आहे. पण एखादी बहीण सिडनीला असली, तर तिच्याकडे मध्यरात्र झालेली असते. शिवाय तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तर युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपण मात्र बारा महिने एकाच वेळेवर असतो, म्हणून हिवाळ्यात अमेरिका आणि युरोपशी आपलं अंतर एक तासानं वाढतं.

त्यापेक्षा वार ठरवा. रविवारी ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्यानं दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप टाकावा किंवा पाच-सहा ओळी लिहाव्यात. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांच्यासाठी कीबोर्डवरचा माइक मराठीत चालू करून द्या. पण आजी-आजोबांचा निरोप शक्यतो त्यांच्या आवाजातच येऊ द्या. खोकला, दम, उत्साह हे सगळं आवाजातून कळतं.

पायरी ३ : काम आणि अभ्यास ऐकणाऱ्याला कळेल असा सांगा

‘प्रोजेक्टचं डिप्लॉयमेंट आहे’ हे आजोबांना काही सांगत नाही. ‘आम्ही बँकेसाठी जे काम करतोय ते गुरुवारी रात्री सुरू होणार, त्या रात्री मी जागा असेन’ हे सांगतं. मग शुक्रवारी सकाळी आजोबा फोन करत नाहीत, दुपारी करतात.

अभ्यासाचंही तसंच आहे. जर्मनीत १.० हा सर्वांत चांगला गुण आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. हे माहीत नसलेल्या घरी नातवानं ‘१.३ मिळाले’ कळवलं, तर घर चिंतेत पडेल. तेव्हा आकड्याबरोबर अर्थही सांगा: १.३, म्हणजे उत्तम. इकडच्या मुलांनीही केटी (राहिलेला विषय), सबमिशन, सीजीपीए (सगळ्या सत्रांची मिळून गुणांची सरासरी) हे शब्द एकदा नीट समजावून सांगावेत. परीक्षेच्या तारखा आधीच कळवाव्यात, म्हणजे त्या दिवसांत कोणी ‘फोन का उचलत नाहीस’ म्हणत नाही.

पायरी ४ : हवा सांगा, पण तिनं काय झालं तेही सांगा

हवेबद्दल बोलणं म्हणजे वेळ घालवणं असं अनेकांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. दूरचा माणूस कसा जगतोय हे हवेवरून जितकं कळतं तितकं पगारावरूनही कळत नाही. डिसेंबरात स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पोरगं वर्गातून बाहेर पडतं तेव्हा अंधार झालेला असतो. हे एकदा कळलं की त्या महिन्यांत ते फोनवर कमी का बोलतं हे आईला न सांगता उमगतं.

अमेरिकेतल्या माणसानं तापमान सेल्सिअसमध्ये कळवावं. नाही जमलं, तर घरच्यांनी फॅरनहाइटच्या आकड्यातून तीस वजा करून उरलेल्याचं निम्मं करावं. अंदाजापुरतं ते पुरतं. ६८ म्हणजे नेमके २० आणि १०४ म्हणजे ४०, हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी काम भागतं.

गावाकडच्यांनी नुसतं ‘पाऊस आहे’ लिहू नये. असं लिहावं:

‘रविवार, सकाळी नऊ. रात्रभर पाऊस होता, आता उघडीप आहे. जमीन सुकून वाफसा आला की सोयाबीनची कोळपणी काढायची, तण माजलंय. कामाला बाया मिळत नाहीत. माझा गुडघा तसाच आहे, पण ओसरीपर्यंत चालते. म्हैस बुधवारपर्यंत व्यायला हवी.’

एवढ्या ओळींत पुढच्या रविवारचे चार प्रश्न आहेत. कोळपणी झाली का? माणसं मिळाली का? गुडघा कसा आहे? आणि म्हशीला काय झालं?

पायरी ५ : पुराच्या दिवसांसाठी आधीच ठरवून ठेवा

आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात या पायरीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी दुरून टीव्हीवर पाहिले, त्यांना अजूनही जुलै-ऑगस्टमध्ये झोप लागत नाही. त्यात जुने व्हिडिओ नव्याने फिरतात. नृसिंहवाडीच्या देवळात पाणी शिरलेलं पाहून परदेशातला माणूस घाबरतो. तिथं दक्षिणद्वार सोहळा चालू असतो, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडत असतं आणि लोक त्यात भक्तिभावानं स्नान करत असतात, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून मे महिन्यातच तीन कामं उरका.

पहिलं, पाण्याच्या खुणा लिहून ठेवा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५ फूट. पण बातमीतला आकडा आपल्या उंबऱ्याला लावता आला पाहिजे. जवळच्या पुलावर किंवा बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी येतं, आणि रस्ता कधी बंद होतो, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून ग्रुपवर पिन करून ठेवा.

दुसरं, पुराच्या पट्ट्याबाहेरचा एक माणूस नेमा, समजा पुण्याचे काका. गावातून फक्त त्यांना कळवायचं, आणि बाकी सगळ्यांनी त्यांनाच विचारायचं. वीज गेलेली असते, बॅटरी उतरत असते. अशा वेळी चार देशांतून फोन आले तर गावातला फोन बंद पडतो. इंटरनेट नसलं तरी साधा एसएमएस कित्येकदा पोचतो, हे आजोबांना आधीच शिकवून ठेवा.

तिसरं, निरोपाचा क्रम ठरवा. आधी सुखरूप, मग ठिकाण, मग पाणी, मग पुढची वेळ. ‘सगळे सुखरूप. वरच्या शाळेत आहोत. जनावरं हलवली. पाणी पायरीला लागलंय. पुढचा निरोप संध्याकाळी सहाला.’ शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. पुढचा निरोप कधी येणार हे माहीत असलं की माणूस मधले तास निभावून नेतो.

पायरी ६ : गप्प बसणाऱ्याला नेमकं विचारा

‘काय चाललंय?’ विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘मंगळवारचा पेपर कसा गेला?’ विचारा. तरी उत्तर आलं नाही, तर ग्रुपवर पुन्हा न विचारता एकट्याला फोन करा. नोकरी गेलेला किंवा नापास झालेला माणूस सगळ्यांसमोर बोलत नाही.

पायरी ७ : बातमी ज्याची, सांगायचा मान त्याचा

गरोदरपण, आजार, लग्नाची बोलणी, व्हिसाची अडचण, पगार: यातलं काहीही त्या माणसानं स्वतः ग्रुपवर टाकलं नसेल, तर दुसऱ्यानं टाकू नये. आत्यानं प्रेमापोटी टाकलं तरी ते दुखावतंच.

पायरी ८ : पैशाचा निरोप आला तर थांबा

‘नंबर बदललाय, अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव’ असा मेसेज आला, तर जुन्याच नंबरवर फोन लावा. घरच्याखेरीज कोणाला ठाऊक नसेल असा एक प्रश्न आधीच ठरवून ठेवा, आणि तो विचारून पाहा. फसवणूक झालीच, तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा. जितका उशीर होईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी होते.

पायरी ९ : निरोप जपून ठेवा

फोन बदलला की आवाज जातात. वर्षातून एकदा, दिवाळीत सगळे भेटतात तेव्हा, ग्रुपचं चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. ग्रुप फार मोठा असला तर सगळा मीडिया एका वेळी येत नाही, म्हणून आजी-आजोबांचे निरोप त्याआधी वेगळे काढून घ्या आणि फाइलच्या नावात तारीख घाला. ग्रुपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू नाही ना, हे मात्र आजच पाहून घ्या.